खाटेवरचं पावणं

लोकांच्या घरी पाहुणा आला की बायका पोरांना गप्प बसवतात. आमच्या घरी चित्ता आला आणि मला उलटंच काम लागलं. पोरांनी दिवसभर बडबड करायची, असा चित्तेखान्याच्या जमादारांचा हुकूमच होता.

शाहू महाराजांच्या चित्तेखान्यात माझे सासरे चित्तेवान होते. चित्ता माणसाळवायचा, छकड्यावर बसवून माळावर न्यायचा आणि काळविटाच्या कळपावर सोडायचा, ही त्यांची विद्या. माझ्या मालकांचं नाव दिलदार. मी ते कधी घेत नाही, तुम्हाला कळावं म्हणून एकदा सांगितलं. सासऱ्यांच्या माघारी हेही चित्तेखान्यात लागले, पण चित्तेवान म्हणून नाही. चित्त्यांना मटण पोचवायचं काम यांच्याकडे. डोक्यावर पाटी आणि पाटीवर घारी, असे रोज रस्त्यानं जायचे. घरी आले की गप्प बसायचे. तोंडानं कधी बोलले नाहीत, पण आपणही अब्बांसारखं चित्तेवान व्हावं हे त्यांच्या मनात किती आहे, ते मला न सांगताच कळायचं.

एक दिवस चित्तेखान्याचे मुख्य, जमादार शमशुद्दीन, माझ्या मालकांना म्हणाले, "ह्यो नवा धरलेला चित्ता तू तयार कर. माळावर पळाला, तर तू चित्तेवान. न्हाय पळाला, तर मटणाची पाटी हायच."

आता नवा चित्ता माणसाळवायची रीत अशी. त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, दोऱ्यांनी त्याला खाटेला बांधायचं, आणि ती खाट ठेवायची घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बायकापोरांच्या मधोमध. मग खुशाल भांडी घासा, भांडा, रडा, हसा. माणसांचा आवाज कानात मुरला की जनावराची भीती जाते. रीत उत्तम आहे. फक्त सोपा कुणी झाडायचा, हे त्या रीतीत कुणी सांगितलेलं नाही.

खाट आत आली तेव्हा शेजारच्या तानाबाई ताक घेऊन आल्या होत्या. खाटेवरचं ते लांबलचक ठिपक्यांचं अंग बघून त्या दारातच थबकल्या.

"अगं बया! पावणं कुठलं म्हणायचं ह्ये?"

झालं. त्या दिवसापासून चित्त्याचं नाव पावणं पडलं. चित्तेखान्यानं त्याला चांगलं भारदस्त नाव दिलं होतं, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पहिले काही दिवस पावणं कुणी जवळ गेलं की फिस्कारायचं आणि पोरं ज्वारीच्या कणगीमागं लपायची. माझी थोरली शहाजादी आठ वर्षांची, मधला अमीन सहाचा आणि धाकटी नजीरा तीनची. एरवी या तिघांची तोंडं झाकायला मला हात पुरायचे नाहीत. आता बडबडा म्हटलं, तर एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना. हे बिचारे खाटेजवळ उकिडवे बसून एकटेच बोलायचे. बोलून बोलून काय बोलणार? चित्त्याला मटणाचे भाव सांगायचे.

सुरुवात नजीरानं केली. एका दुपारी ती आपली चिंध्यांची बाहुली घेऊन सरळ खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "पावणं, हिचं पोट दुखतंय." पावण्यानं कान टवकारले. फिस्कारलं मात्र नाही.

मग काय विचारता! शहाजादीला तर अस्सा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. ऐकतो, मधे बोलत नाही आणि उठून जात नाही. तिनं आमच्या घरातलं सगळं त्याला सांगितलं. अब्बा घोरतात. अम्मानं करपलेल्या भाकरी गुपचूप तानाबाईच्या म्हशीला घातल्या आणि वर म्हणाली, "मुद्दाम केल्यात म्हशीसाठी." हे सांगताना तानाबाई मागं उभ्या होत्या. त्या हसून हसून खांबाला धरून बसल्या आणि मी चुलीशी काम काढून पळाले.

अमीननं त्याला पंच करून टाकलं. बहिणीशी भांडण झालं की पावण्यापुढं तक्रार. खूश असला की चित्ता गुरगुरतो, जातं फिरावं तसा. पावणं गुरगुरलं म्हणजे अमीन जिंकला, असं अमीननंच ठरवलेलं. शहाजादी ओरडायची, "त्यो माझ्याच बाजूनं गुरगुरलाय!" की पुन्हा नवं भांडण. गल्लीतली पोरंही गोळा व्हायला लागली. माझा सोपा म्हणजे भरलेला बाजार झाला. डोळ्यांवरची टोपी हळूहळू निघाली आणि पावणं खाटेवर तंगड्या पसरून त्या गोंगाटात ढाराढूर झोपायला लागलं. नजीरा त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपली, त्या दिवशी मात्र मी यांना बोलून घर डोक्यावर घेतलं. हे नुसते हसत होते. इतके हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

एकदा तानाबाई पोरांना कागलला त्यांच्या माहेरी बारशाला घेऊन गेल्या. घर कसं शांत झालं. मला तर ईदच वाटली. पण पावण्यानं मटणाला तोंड लावलं नाही. खाटेवर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलं आणि चिमणीसारखं चिवचिव करायला लागलं. चित्ता वाघासारखा गरजत नाही, आपल्या माणसांना हाक मारायची तर असा चिवचिवतो. संध्याकाळी पोरं दारापासूनच भांडत आत आली, तसं ते मान खाली ठेवून निवांत झोपलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला तेव्हा बारशाचं काय झालं ते ऐकायची घाई होती.

मग माळावर परीक्षेचा दिवस आला. यांनी नवं मुंडासं बांधलं. संध्याकाळी परतले ते मुंडासं काखेत मारून.

"काय झालं? पळाला न्हाय?"

"पळाला की," हे म्हणाले. "छकड्याखाली."

मग हळूहळू सगळं कळलं. शिकारीला सगळे चिडीचूप असतात. बैलांच्या गळ्यात घुंगरू नाही, माणसाच्या तोंडात शब्द नाही. समोर काळविटांचा कळप चरत होता. यांनी पावण्याला सोडलं. त्यानं त्या मोकळ्या माळाकडे बघितलं, मागं गप्प बसलेल्या माणसांकडे बघितलं, थरथरायला लागलं आणि छकड्याखाली शिरून चाकाला चिकटून बसलं. शिकारी तोंडात शेले कोंबून हसले. जमादारांनी आणखी एकच वेळ दिली होती, येत्या शुक्रवारची.

हे भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठेनात. मी भांडी आदळत होते, पोरं चिंचोक्यांवरून भांडत होती, आणि पावणं खाटेवर सुखानं घोरत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, उठा! भूक न्हवती म्हणून न्हवं, त्येला भ्या वाटलं म्हणून लपला. आपल्या घरात इतके दिवस काढल्यावर कुणालाबी गप्प माणसांचं भ्याच वाटंल. त्येला पोरं पायजेत."

"माळावर पोरं न्हेऊ? जमादार माझी चामडी लोळवतील."

"जमादारांशी मी बोलते."

शुक्रवारी सकाळी मी डोक्यावरून पदर घेऊन, तिन्ही पोरं घेऊन, पावण्यासकट छकड्यात बसले. माळावर जमादार शमशुद्दीन आम्हाला बघून लालेलाल झाले.

"दिलदार, ह्ये काय? शिकारीला आलायस का जत्रंला?"

उत्तर मी दिलं. "जमादार, राग मानू नगा. काळवीट रोज शेतकऱ्यांच्या गाड्या बघतंय, त्यास्नी बुजत न्हाय. म्हणून तर तुमी छकडा आणता न्हवं? मग मला सांगा, बायकापोरं घेतलेली कुठली गाडी गप्प जाती? पोरं भांडली तर त्या काळविटाला वाटंल, चाललंय कुणीतरी माहेराला."

जमादार माझ्या सासऱ्यांचे दोस्त, म्हणून मला सूनबाई म्हणायचे. "जा सूनबाई," ते म्हणाले. "पर ह्यो शेवटचा डाव हाय, ध्यानात ठेव."

छकडा निघाला. कळप दिसायला लागला. मी पोरांकडे वळून म्हटलं, "हं, बोला आता. भांडा. आज कुणी कुणाला काय म्हणणार न्हाय."

कुणी बोललं नाही.

मला वाटलं, बुजली असतील. अमीनला म्हटलं, "तुझे चिंचोके कुणी घेतले रं?" अमीननं पायाच्या अंगठ्याकडे बघितलं. नजीरानं तोंड उघडलं, तशी शहाजादीनं तिच्या तोंडावर हात दाबला. तिघांचीही तोंडं घट्ट मिटलेली. माझ्या पोटच्या पोरांना मी जन्मात इतकं गप्प पाहिलं नव्हतं. मला असा संताप आला म्हणता! जेव्हा नको तेव्हा घर डोक्यावर घेतात, आणि आज बापाच्या भाकरीचा प्रश्न आहे तर मुकी झालीत!

"काय झालंय तुमास्नी?" मी शहाजादीचा दंड धरला.

तिनं माझ्याकडे वर बघितलं. डोळे भरलेले. हळूच म्हणाली, "अब्बा काल म्हणालं, पळाला की त्येला चित्तेखान्यात ठेवणार. मग त्यो घरी येणार न्हाय."

माझा हात आपोआप सुटला. तिघांनी मिळून ठरवलं होतं. गप्प बसायचं, म्हणजे पावणं पळणार नाही, आणि पळालं नाही तर घरी परत येईल. चित्ता पळाला नाही तर तो दुसऱ्या कुणाला देतील, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. पण खरं सांगते, ज्या जनावराच्या नावानं मी रोज सोपा झाडताना बोटं मोडली, ते आता घरात नसणार, हे मी तोवर मनात आणलंच नव्हतं.

पुढं बसलेल्या यांनी सगळं ऐकलं होतं. मागं वळून त्यांनी पोरांना एकही शब्द ऐकवला नाही, डोळे वटारले नाहीत. नुसती पावण्याची दोरी सोडली.

पावणं छकड्याच्या काठावर उभं राहिलं. समोर माळ, पलीकडे काळविटं. मागं सगळी शांतता. त्याचे कान चपटे झाले, पाठ आखडली, पाय थरथरायला लागले. मी तोंडाला येईल ते बडबडायला लागले, पण त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानं मान वळवली ती पोरांकडे आणि बारीक आवाजात हाक मारली. चिव. मग पुन्हा, चिव.

नजीरा हुंदका आवरून बसली. अमीननं कानांवर हात ठेवले. बापाकडे बघावं, पावण्याकडे बघावं, असं शहाजादीचं चाललं होतं. मी तिला काहीही सांगितलं नाही, अल्लाची शपथ.

मग तीच पुढं सरकली. पावण्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "पावणं, भिऊ नगा. आमी हाय की हितं. जावा तुमी."

तिनं तोंड उघडलं आणि धरणाचं दारच उघडलं. "जावा, जावा!" अमीन ओरडला. "त्यो मोठ्या शिंगांचा बगा, त्येला धरा!" नजीरा म्हणाली, "मी बगणार हाय, अमीन सरक!" अमीन म्हणाला, "तूच सरक!" आणि तिनं त्याला चिमटा काढला. चिमट्यावरून जी जुंपली, ती अगदी आमच्या सोप्यातली. काळविटांनी एकदा माना वर केल्या, गाडीकडे बघितलं आणि पुन्हा चरायला लागली.

पावण्याचे कान उभे झाले. पाठ सैल झाली. आणि तो छकड्यावरून उतरला.

मी त्याला फक्त खाटेवर लोळताना पाहिलं होतं. तो पळतो म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. जमिनीला पाय लागत होते की नाही, देव जाणे. माळावर धुळीची रेघ उठली, कळप उधळला आणि लांब कुठंतरी एकाएकी धूळ थांबली. मागून शिकाऱ्यांचा हाकारा आला. हे छकड्यावरून उडी मारून त्या धुळीकडे पळत सुटले, मुंडासं वाटेत पडलं तरी वळून बघितलं नाही.

शहाजादीनं यातलं काही पाहिलं नाही. तिनं माझ्या मांडीत तोंड खुपसलं होतं.

"अम्मा, धरलं का त्येनं?"

"धरलं."

"पडला-बिडला न्हाय न्हवं?"

"न्हाय गं. एकदम बेस पळाला."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि मग तिनं जे भोकाड पसरलं, त्यानं उरलासुरला कळपही माळ सोडून गेला. तिचं बघून दोन्ही धाकटी सुरू झाली. शिकारी एकमेकांकडे बघायला लागले, कारण अजून दुसरा चित्ता सोडायचा होता. मी घाईघाईनं पोरीच्या तोंडावर पदर धरायला गेले.

जमादार शमशुद्दीन छकड्याजवळ आले होते. त्यांनी हात वर करून मला अडवलं.

"रडू दे तिला, सूनबाई," ते म्हणाले. "आजच्यापुरती शिकार बास झाली."

मग मला तरी कोण गप्प बसवणार होतं? मी तिघांनाही ओढून कुशीत घेतलं आणि त्यांच्याबरोबर मोठ्यानं रडले.