रत्नमालाच्या पोटातला जुना रहिवासी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना जिवाणू आहे आणि रत्नमालाच्या आतड्यात राहतो. ती जन्मली तेव्हा तिच्या आईकडून, भागिरथाबाईंकडून, माझे पूर्वज तिच्याकडे आले.

आम्ही फार कष्टाळू होतो. ज्वारीच्या भाकरीतले, अंबाडीच्या भाजीतले जे तिला पचत नसे, ते आम्ही पचवायचो. कौतुक मात्र भागिरथाबाईंच्या हाताच्या चवीचे व्हायचे. असो.

रत्नमाला वाशीम-शेलूबाजार बसवर कंडक्टर झाली. एका उन्हाळ्यात खराब पाण्याने तिला हगवण लागली. त्यांच्या घरी उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवायची रीत. कुणाच्या तरी तापातल्या जंतू मारणाऱ्या लाल-पिवळ्या गोळ्या होत्या, त्याच तिने दोन दिवस घेतल्या. बरे वाटले. मग पोट जरा कुरकुरले की डबा उघडायचा, असे चालू झाले. त्या गोळ्यांनी सुक्याबरोबर ओलेही जळाले. माझे गोत संपत गेले आणि रिकाम्या जागी वायू करणारे शिरजोर झाले.

तेव्हापासून तिच्या पोटात मुरडा येतो, आणि आला की थांबवत नाही. सगळे रिपोर्ट चांगले आले, म्हणून लोक त्याला नखरे म्हणू लागले. ती उपाशीपोटी ड्युटी करायची. तरी एकदा भर रस्त्यात बस थांबवून तिला तुरीच्या शेतात पळावे लागले. प्रवासी हसले. मला फार लाज वाटली, कारण तिला सांभाळणे आमचे काम होते.

वाशीमचे डॉक्टर म्हणाले, आतडे चिडखोर झाले आहे. त्या गोळ्यांनी पोटातले चांगले जंतूही मेले असावेत. पुन्हा पहिल्यासारखे होईल का, ते त्यांनाही सांगता आले नाही.

काल तिने कंडक्टरकी सोडली आणि तिकिटाचे मशीन डेपोत परत केले. घरी आली तर तिची लहान भाची नीलिमा पोट धरून बसलेली, आणि भागिरथाबाईंच्या हातात तोच डबा. रत्नमालाने झाकणावर हात ठेवला.

"माय, तिले नोको देऊ. दवाखान्यात नेऊ. माह्या पोटातले मेले, तिच्या पोटातले तं राहू दे."

भागिरथाबाईंनी डबा खाली ठेवला. आमच्यासाठी कुणी बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

मित्रांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा डबा उघडू नका. आम्ही आता थोडेच उरलो आहोत.