उत्तरेच्या नळीत हॅल्वर

त्या वर्षी टॅमरॅकच्या डोंगरावर बर्फ धड असा पडलाच नाही. हिवाळ्याच्या तोंडाला घोटाभर पडला आणि मग कोरड्या थंडीने त्याचा कण न् कण सुटा करून टाकला. मुठीत घ्यावा तर जाड साखरेसारखा बोटांतून निसटायचा. जानेवारीत वारा सुटला. त्याने पलीकडच्या अंगाचा बर्फ उचलून आणला आणि या साखरेवर थापून बसवला. वरून पाहिलं तर पांढराशुभ्र, गुळगुळीत, मोह पडावा असा उतार. खाली आधार म्हणून काही नाही.

सगळ्यात वाईट होती उत्तरेची नळी, दोन खडकांच्या मधून उतरणारी उभी, अरुंद घळ. स्कीच्या वाटा सुरक्षित ठेवणाऱ्या गस्तपथकाची प्रमुख लॉरेल टॉलेफसन हिने ती हंगामाच्या सुरुवातीपासून बंदच ठेवली होती. वर नेणारी खुर्च्यांची एकुलती एक लिफ्ट आणि खाली उतरायच्या मोजक्या वाटा असलेल्या त्या डोंगरावर नळी हेच काय ते आकर्षण, त्यामुळे लोक कुरकुरत. "तुझा बाप असता तर केव्हाच उघडली असती," असंही कुणी तोंडावर म्हणे.

बाप होता की. हॅल्वर टॉलेफसन खाली उपाहारगृहात खिडकीशी बसून असायचा. उभी हयात त्याने याच डोंगरावर गस्त घातली होती. आता त्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. घरी एकटं ठेवावं तर शेगडी चालू ठेवून बाहेर निघून जाई, म्हणून लॉरेल त्याला रोज सोबत आणायची. राजमा-खिम्याची वाडगाभर चिली, कॉफी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा, यात त्याचा दिवस जायचा.

त्या दिवशी जेवणाची वेळ टळल्यावर लिफ्टवरच्या जोलीनचा आवाज वॉकीटॉकीवर आला.

"लॉरेल, तुझे बाबा पोचले का गं वर?"

"वर? कशाला वर?"

"तूच बोलावलंय म्हणाले. अंगात गस्तीचं जुनं जाकीट, पायात स्की. मला वाटलं, आज बरे दिसताहेत. मी खुर्ची थांबवून बसवलंसुद्धा त्यांना."

लॉरेलने पुढचं ऐकलंच नाही. तिचा सहकारी डेक्स वरच्या चौकीत शेजारीच होता. दोघं डोंगराच्या धारेवरून नळीच्या तोंडाशी आले. आडवी बांधलेली दोरी जागेवर होती, तिच्याखालून स्कीचा एकच माग आत गेला होता.

हॅल्वर नळीच्या मधोमध उभा होता. एक स्की पायात, दुसरी कुठे तरी खाली गेलेली. काठ्यांवर भार टाकून तो शांतपणे वाट पाहत होता, जणू बसथांब्यावर उभा आहे.

"बाबा!" लॉरेलने हाक मारली. "हलू नका. आहात तिथेच थांबा."

"किती उशीर," तो वर पाहून म्हणाला. "नळी तपासायची की नाही आज? माणसं खोळंबलीत."

डेक्सने तिचा दंड धरला. "तू जायचं नाहीस. अशा उतारावर कुणी पाऊल टाकायचं नाही, हा नियम तुझाच आहे."

"मग काय करू? त्याला थंडीने मरताना बघत बसू?"

"मी जातो."

"तुझी बायको पोटुशी आहे, डेक्स. दोर बांध."

धारेवरच्या जाड पाइनला दोर बांधून, दुसरं टोक लॉरेलच्या कमरेच्या कडीत अडकवून त्याने तो सोडायला घेतला आणि लॉरेल कडेच्या खडकांना चिकटून उतरू लागली. पाय टाकेल तिथे वरचा थर पोकळ वाजत होता. वडिलांच्या पातळीला आल्यावर ती खडक सोडून आडवी निघाली. दोर ताणला गेला आणि संपला. बाप अजून दोन माणसांच्या अंतरावर होता. तिचा हात कमरेच्या कडीकडे गेला.

"ती कडी काढायची नाही," हॅल्वर म्हणाला.

आवाज वेगळाच होता. लॉरेलने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तो तिला ओळखून पाहत होता. त्याने काठी थरातून खाली दाबली. ती वर अडली आणि मग एकदम आत गेली.

"साखर आहे खाली," तो म्हणाला. "पोरी, मी इथे कसा आलो?"

"आलात चुकून. आता माझ्याकडे या. पालथे पडून, हळूहळू सरका."

"दोरी लावली नव्हती तू?"

"लावली होती, बाबा."

"मग मीच." त्याने मान खाली घातली. "डोकं जातं गं माझं. कधी जातं तेही कळत नाही. तू माघारी जा. इथे दोघांचं काम नाही."

"तुम्हाला टाकून मी जाणार नाही. सरका म्हणते ना."

"आईवर गेलीस अगदी," तो पुटपुटला. उरलेली स्की त्याने अलगद सोडवली, पालथा झाला आणि कोपरांवर सरकू लागला. लॉरेलने होता होईल तेवढा हात लांब केला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, तिने मनगट पकडलं.

तेवढ्यात डोंगराने खोल उसासा टाकल्यासारखा आवाज झाला. त्यांच्या वरच्या अंगाला एक रेघ नळीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पळत गेली आणि अख्खा उतार निघाला. दोराचा हिसका लॉरेलच्या कमरेत बसला. तिने मनगट दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. बर्फाच्या लाद्यांनी ते ओढून नेलं. बाप ओरडलासुद्धा नाही.

ती खाली कशी पोचली ते तिला नंतर सांगता आलं नाही. बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं शोधयंत्र हॅल्वरच्या अंगावर नव्हतं. डेक्स, जोलीन, उपाहारगृहातला आचारी, जो मिळेल तो लांब सळया घेऊन बर्फात खुपसत होता. लॉरेल फावडं टाकून हातांनीच उकरू लागली, तेव्हा डेक्सने तिला ढकलून बाजूला केलं. "सळई घे. रड नंतर."

तिने सळई घेतली. खुपसायची, काढायची, पाऊलभर पुढे. किती वेळा सळई दगडाला लागली आणि किती वेळा तिला वाटलं, हाच. झाडांपाशी आचाऱ्याची सळई मऊ जागी अडली. उकरलं तेव्हा हॅल्वर निळा पडला होता, तोंडात बर्फ होता. लॉरेलने बोटांनी तो काढला आणि त्याच्या तोंडात आपला श्वास भरला, पुन्हा भरला. पुष्कळ वेळाने त्याची छाती आपली आपण हलली.

तो वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. बर्फ वितळायच्या आत न्यूमोनियाने तो गेला. तोवर लॉरेल रोज दवाखान्यात त्याच्या उशाशी बसे. तो तिला नर्स समजे, कधी बहीण समजे, आणि अगदी आदराने पाणी मागे. नळीतल्या त्या चार वाक्यांनंतर तिला तिचा बाप पुन्हा भेटला नाही.

एकदा डेक्स तिला म्हणाला, "तू केलंस त्याहून कुणी जास्त केलं नसतं."

"सरका असं मीच म्हणाले," ती म्हणाली. "तो मला माघारी जा म्हणत होता."

डेक्स तिच्या शेजारी बसून राहिला.