योगेंद्र मास्तरांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, वाजवायची. मागे भाता, पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, अशी. बुऱ्हाणपुरात लोधीपुऱ्यातल्या पंडित मिस्त्रींनी मला सागवानात घडवलं, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. सुकलाल आप्पांनी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी आणलं तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं. पुढे मालूबाई घरात आल्या, मग योगेंद्र जन्मला. पाच वर्षांचा असताना तो आप्पांच्या मांडीवर बसून माझ्या पट्ट्या दाबायचा. त्याची बोटं लांबच्या पट्टीवर पोचली नाहीत की तो रडायचा.

तोच योगेंद्र पुढे एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. दर सोमवारी संध्याकाळी तापीच्या राजघाटावर भजन असायचं. तिथे तो मला घेऊन बसला की पायऱ्यांवरून उठून जाणारी माणसं पुन्हा खाली बसत. गायला दगा नावाचा त्याचा मित्र असायचा. दगा डोईफोडिया गावचा, केळीची शेती करणारा, मोठ्या मोकळ्या आवाजाचा माणूस. दगाने तान घेतली की योगेंद्र त्याला अलगद झेलायचा. लोक म्हणायचे, "मास्तरची पेटी ऐकावी." त्या वर्षांत माझ्यावर धूळ म्हणून बसली नाही. मालूबाई रोज पदराने मला पुसायच्या.

मग सुकलाल आप्पा गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. योगेंद्र तेव्हा चौतीस वर्षांचा होता, त्याची मुलगी हिमानी तीन वर्षांची. त्याने सगळे विधी केले, तेराव्याला सगळ्यांना वाढलं, पण त्याची झोप उडाली. आठवडे गेले तरी येईना. वर्गात फळ्याकडे वळला की डोळे मिटत आणि अंथरुणावर पडला की टक्क उघडत.

एका सोमवारी भजन संपल्यावर दगा त्याला म्हणाला, "मास्तर, किती सुकून गेलास रे तू. चल खाली."

खालच्या पायऱ्यांवर चार-पाच जण चिलीम घेऊन बसत. मी योगेंद्रच्या शेजारीच होते.

"मला नाही जमायचं, दगा."

"अरे, दारू थोडीच आहे ही? झाडपाला तर आहे. एक दम घे, मन हलकं होऊन जाईल. याची काही आदत-वादत लागत नाही."

दगा खोटं बोलत नव्हता, मित्रांनो. त्याला खरंच तसं वाटत होतं. योगेंद्रने एक दम घेतला, खोकला, हसला. त्या दिवशी तो घरी येऊन गाढ झोपला. मालूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. लेकाला झोप लागली म्हणून.

आधी सोमवार होता. मग सोमवार आणि गुरुवार. मग शाळेतून आल्यावर रोज, आणि तिसऱ्या वर्षी शाळेत जाण्याआधीही. पूर्वी एका दमात जे हलकं वाटायचं त्याला आता चार-पाच लागत. त्याला वाटे, गांजा ओढून वाजवलं की सूर फार खोल लागतो. सूर माझ्या पोटातून निघतो, म्हणून मी सांगू शकते, तसं काही नव्हतं. भात्यावरचा त्याचा डावा हात ढिला पडत होता. एका सुरावर तो रेंगाळून राही आणि त्याला वाटे क्षणभरच थांबलोय. दगा अंतरा उचलून वाट बघत राही. एकदा तर योगेंद्रने अख्खं कडवं गाळलं आणि शेवटी डोळे मिटून समाधानाने मान डोलावली. लोक काही बोलले नाहीत. मास्तर म्हणून मान होता ना! पण पुढच्या सोमवारी दोन माणसं कमी आली, त्याच्या पुढच्या सोमवारी पाच.

वैजयंतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, शर्टाच्या वासावरून कळलं होतं. ती भांडली, रडली, तिने शपथा घातल्या. योगेंद्रने तीन वेळा सोडलंही. चौथ्या दिवशी तो ताट ढकलायचा, हिमानीवर ओरडायचा, घामाने उशी भिजायची. पाचव्या दिवशी घाटावर जाऊन यायचा आणि शांत व्हायचा. "बघ, मी मनात आणलं की सोडू शकतो," असं तो म्हणायचा. माहेरी वैजयंतीने काही सांगितलं नाही, शेजारी सांगितलं नाही. मास्तरच्या घरची गोष्ट बाहेर कशी सांगायची? आणि सासूला तर मुळीच नाही. मालूबाईंना वाटत राहिलं की लेकाला शाळेत फार काम असतं.

आठव्या वर्षी उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठल्या उठल्या मळमळ, मग उलट्या, दिवसातून पंधरा-वीस वेळा. तीन-चार दिवस चालायचं, मग महिनाभर काही नाही, मग पुन्हा. पोट तपासलं. दुर्बीण घालून बघितलं. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. एका जागी डॉक्टरांनी दारू, तंबाखू विचारलं. योगेंद्र म्हणाला, "नाही साहेब, काहीच नाही." गांजाचं कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. उलट आता मळमळ कमी व्हावी म्हणून तो जास्त ओढू लागला.

आराम एकाच गोष्टीने पडायचा. कढत पाण्याने. अंगावर गरम पाणी घेतलं की मळमळ थांबायची, पाणी संपलं की पुन्हा यायची. त्या दिवसांत तो चार-चार वेळा मोरीत जाऊन बसायचा. आणि हाक मारायचा, "माय, पाणी!"

मालूबाई सत्तरीच्या होत्या. वैजयंती सकाळी एका दुकानात हिशेबनीस म्हणून जायची, हिमानी शाळेत. घरी ती दोघंच. मालूबाई गॅसवर पातेलं चढवायच्या, तापलं की पदराने धरून मोरीपर्यंत न्यायच्या. म्हणायच्या, "योगू, होतं का रे बरं? अजून देऊ?"

गेल्या वर्षी पौषातली सकाळ. मी बाहेरच्या खोलीत कोनाड्यात होते, आणि तिथून स्वयंपाकघर ते मोरी एवढी वाट सरळ दिसते. दोन पातेली झाली होती. त्याने तिसऱ्यांदा हाक मारली. मालूबाई निघाल्या. आधीच्या फेरीत सांडलेलं पाणी फरशीवर होतं.

त्या ओरडल्या नाहीत. भांडं पडल्याचा आवाज झाला, मग नुसतं "आई गं" असं, हळूच. योगेंद्र तसाच ओला बाहेर आला. पोटापासून खाली त्यांचं अंग भाजलं होतं. तो थरथरत "माय, माय" करत होता आणि त्या त्यालाच म्हणत होत्या, "अरे, उघडा नको राहू, थंडी लागेल."

पुढचं मी पाहिलेलं नाही. दवाखान्यातून कपडे न्यायला आलेल्या वैजयंतीने भावाला फोनवर सांगितलं, ते माझ्या शेजारी बसून. भाजलेल्या रुग्णांच्या खोलीबाहेर योगेंद्रला पुन्हा उलट्या सुरू झाल्या. तिथे मृणाल नावाच्या तरुण डॉक्टरबाई मनोविकाराच्या विभागातून दुसऱ्या एका रुग्णाला बघायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आजी इतकं गरम पाणी कशाला नेत होत्या?" वैजयंतीने सांगितलं. मग बाई योगेंद्रला बाजूला नेऊन, आवाज न चढवता म्हणाल्या, "दादा, गांजा किती वर्षं घेताय?"

नऊ वर्षांत हा प्रश्न त्याला पहिल्यांदा कुणी विचारला होता. तो म्हणाला, "नऊ."

"रोज?"

"रोज."

"वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काही जणांना असं होतं. गरम पाण्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण तो इलाज नाही. गांजा सुटला की उलट्याही थांबतील. आणि तो एकट्याने सुटत नाहीये, हे तुम्ही अनुभवलंय. म्हणजे हा आजार आहे. आजारावर उपचार असतात."

"माय वाचली पाहिजे आधी," तो म्हणाला.

नवव्या दिवशी मालूबाई गेल्या. तोवर जो येईल त्याला त्या सांगायच्या, "माझाच पाय घसरला." शेवटच्या सकाळी त्यांनी योगेंद्रला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "पोटाला नीट दाखव रे योगू. अंगावर नको काढू." त्याला सगळं सांगायचं होतं, हे त्याने नंतर वैजयंतीला माझ्यासमोरच सांगितलं. तो रात्रभर तेच जुळवत बसला होता. पण त्याने फक्त मान हलवली. दुपारी त्या बेशुद्ध झाल्या आणि ते सांगायचं राहून गेलं.

तेराव्यानंतरच्या मंगळवारी वैजयंती त्याला मृणालबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, हे सोडवणारी एखादी जादूची गोळी नाही. झोपेसाठी काही दिवसांपुरतं औषध मिळेल. बाकी काम बोलण्याचं आणि सवयी बदलण्याचं. पहिले आठ-दहा दिवस फार जड जातील, आणि घरच्यांनी ते ओळखून असावं.

तसंच झालं. भूक गेली. झोपेत तो दचकून उठायचा, स्वप्नात पाणी उकळत असायचं. पाचव्या दिवशी त्याने मला कोनाड्यातून काढून जमिनीवर आपटलं. माझा भाता फाटला, दोन पट्ट्या निखळल्या. हिमानी भिंतीला चिकटून उभी राहिली. वैजयंतीने तुकडे गोळा केले आणि त्याला पाणी दिलं. "बाईंनी सांगितलंय मला," ती म्हणाली, "हे तुम्ही नाही, आजार आहे. पण पोरीसमोर पुन्हा असं करायचं नाही." तो जमिनीवर बसून हुंदके देऊ लागला.

दर मंगळवारी तो जात राहिला. तलफ कधी येते, कुणाला पाहिल्यावर येते, ते बाईंनी वहीत लिहायला लावलं. तलफ आली की अर्धा तास काढायचा, चालायला जायचं, कुणाशी तरी बोलायचं. शाळेतून येताना घाटाचा रस्ता बंद. तिसऱ्या आठवड्यात उलट्या थांबल्या.

एका दुपारी दगा दारात आला. आत न येता म्हणाला, "वहिनी, पहिली चिलम मीच दिली होती त्याला. मला काय माहीत होतं हो?"

वैजयंती म्हणाली, "दगाभाऊ, राग नाही तुमच्यावर. पण काही महिने येऊ नका इकडे. आणि तुम्हीसुद्धा दाखवा स्वतःला."

"मला काही नाही होत," दगा म्हणाला आणि निघून गेला. तो अजून ओढतो. भजन बंद पडलं.

तीन महिन्यांनी, मालूबाईंच्या वाढदिवसाची तारीख कुणीतरी सहज बोलून गेलं, आणि योगेंद्र त्या संध्याकाळी ओढून आला. मंगळवारी तो दवाखान्यात जायलाच तयार नव्हता. "कोणत्या तोंडाने जाऊ?" वैजयंती त्याला ओढत घेऊन गेली. परत आल्यावर तो म्हणाला, "बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चौऱ्याऐंशी दिवस राहिलात ना? ते दिवस कुठे गेले नाहीत. आता पुढचे मोजू."

तेव्हापासून आजपर्यंत तो घसरलेला नाही. बरा झाला म्हणावं का, मला ठाऊक नाही. चेहऱ्यावर मांस चढलंय, वर्गात गणितं पुरी सुटतात, पण घरात तो कमी बोलतो. मला त्याने दुरुस्त केलेलं नाही. पंडित मिस्त्री आता नाहीत, आणि त्याला वाजवावंसं वाटत नाही.

गेल्या महिन्यात वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर हिमानी त्याच्याजवळ येऊन बसली. ती आता तेरा वर्षांची आहे.

"पप्पा, आजी रोज इतकं पाणी का तापवायची?"

वैजयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याने हाताने तिला थांबवलं. मग त्याने लेकीला सगळं सांगितलं, आप्पा गेल्यापासून. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाला, "पाय तिचा घसरला. पण पाणी मी मागितलं होतं. आणि का लागतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं."

हिमानी उठून आईकडे गेली. दोन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तोही गेला नाही समजूत काढायला. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता. तो चपला घालत होता, तेव्हा ती दप्तर ठेवून दारात उभी राहिली.

"मी येऊ तुमच्यासोबत?"

"ये," तो म्हणाला, आणि दोघं गेली.

मित्रांनो, मी मोडकी पेटी, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं मोठं माणूस चिडचिडं झालं, विसरभोळं झालं, त्या धुराशिवाय त्याला जेवण जाईना की झोप येईना, तर त्याला नावं ठेवू नका आणि घराची लाज म्हणून झाकूनही ठेवू नका. डॉक्टरांना खरं सांगा. त्यांनी विचारलं नाही, तरी सांगा. मालूबाईंना आम्ही कुणीच सांगितलं नाही.