चादरींची बिलं आणि चौदा जानेवारी

त्या वर्षी गुडगावात दर महिन्याला एक मॉल उगवत होता आणि आमच्या ऑफिसातून दर सोमवारी बिलाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती पानिपतच्या एका चादरवाल्यांकडे जात होती. त्याआधी आमच्या टीममधला प्रसन्न तीच ती बिलं हाताने भरून तपासायचा. त्यात दिवस जायचा. चूक सापडली, की दुरुस्तीनंतर दुसराही.

त्या वर्षी सोमवार तेरा जानेवारीला आला. चौदाला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला जातात आणि या वेळी बस ठरवणं प्रसन्नच्या गळ्यात होतं. पण पानिपतच्या कामामुळे त्याला पानिपतला जाता येईना.

"बिलं मशीनला तपासू दे," टीममधली मयुरा डिसेंबरातच म्हणाली. "दोन आठवड्यांत प्रोग्राम लिहिते."

"एका सुट्टीसाठी दोन आठवडे?" आमचे मॅनेजर श्यामकांत दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये वाढलेले. "यार मयुरा, हिशेब तरी कर."

"केला, सर. सोमवार दर आठवड्याला येतो."

श्यामकांतांनी दोन आठवडे मंजूर केले.

मयुराने उत्साहाच्या भरात सगळंच मशीनवर घातलं, स्क्रीनवरच्या बटणांच्या जागांसकट. चादरवाल्यांनी नेहमीप्रमाणे एक बटण डावीकडून उजवीकडे न्यायला लावलं आणि मशीनने सगळंच चुकल्याचं जाहीर केलं.

"अच्छा, प्रसन्नला मान वळवता येते, याला नाही," सॉफ्टवेअर लिहिणारा राघव म्हणाला.

मयुराने स्क्रीनची तपासणी काढून टाकली. दर, सूट, कर यांचा हिशेब, म्हणजे सहसा न बदलणारं तेवढं ठेवलं.

तेराला दुपारी तिच्या खुर्चीमागे मॅच बघायला जमावी तशी गर्दी. हिरव्या ओळी भराभर पडल्या. मग एक लाल. डझनावरची सूट एकेका चादरीला मिळत होती.

आम्ही टाळ्या वाजवल्या. राघवच्या पाठीवर थापा पडल्या. चूक त्याचीच होती. त्याने ती दुरुस्त केली आणि चहा यायच्या आत मशीनने सगळी बिलं पुन्हा तपासली. सगळं हिरवं.

"बिल्कुल!" श्यामकांत उभेच राहिले. "आता स्क्रीन, बटणं, रंग, सगळं मशीनवर टाक."

"नाही, सर. ते दर आठवड्याला बदलतं. डोळ्यांनी बघणंच स्वस्त."

"मग बघणार कोण?"

"आज मी. पुढच्या सोमवारपासून प्रसन्न."

सगळ्यांनी प्रसन्नच्या खुर्चीकडे पाहिलं. तो केव्हाच बसवाल्याला गाठायला निघून गेला होता.