खंडेनवमीची सुट्टी

मित्रांनो, मानवजातीच्या आरोग्याची किल्ली माझ्या पोटात आहे. खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात नुसताच बर्फ आहे.

मी एक जुना फ्रीज आहे. मोटर एका घरची, दार दुसऱ्या घरचं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये त्यांचं लग्न लागलं. दुकानदार जितेशशेठनी "मॅडम, दहा वर्षं बघायला नको" अशी हमी दिली आणि अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत माझी पाठवणी झाली. त्यानंतर दहा वर्षं खरोखरच कुणी बघितलं नाही.

जगभरच्या शास्त्रज्ञांनी हजारो प्रथिनांचे आकार शोधायचं काम आपसात वाटून घेतलं आहे. प्रथिन म्हणजे गुंतलेला दोरा. तो कसा गुंतलाय हे कळलं, की औषध शोधणं सोपं जातं. त्यासाठी आधी प्रथिनाचे स्फटिक व्हावे लागतात, आणि ते थंडीत, निवांत, मनात आलं तरच होतात. आमच्या पद्मजा मॅडमच्या वाट्याच्या प्रथिनाच्या मनात दोन वर्षं आलं नव्हतं. दसऱ्यानंतर ते यादीतून काढणार, असं प्रयोगशाळेचे प्रमुख श्यामकांत सरांनी सांगून टाकलं होतं. मॅडम रोज दार उघडून आत ठेवलेल्या प्रथिनाच्या द्रावणाच्या थेंबांकडे बघत बसायच्या. माझा सगळा गारवा बाहेर जायचा. मी आपला घरघरत राहायचो.

खंडेनवमीला पालेगावच्या विठामावशी झाडायला आल्या. त्यांनी यंत्रांना हळदकुंकू लावलं, मला झेंडूचा हार घातला, हात जोडले आणि माझा प्लग काढला.

दसरा झाल्यावर मॅडम आल्या, दार उघडलं, तर आत गारवाच नाही.

"मावशी, हा बंद कुणी केला?"

"मीनंच. खंडेनवमीला सगली हत्यारं बसून व्हती. यो बिचारा वरीसभर घरघरतो, याला नको एक दिस सुट्टी?"

मॅडमनी डोळे पुसले आणि फेकण्याआधी थेंब एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. आत खडीसाखरेसारखे स्फटिक चमकत होते! सावकाश वाढलेली ऊब मानवली असावी, असा मॅडमचा अंदाज. सर म्हणाले, पुन्हा करून दाखवा, तरच यादीत ठेवतो.

मॅडम शिस्तीच्या. नक्की कशानं जमलं हे ठाऊक नसताना काहीच गाळता येत नाही. म्हणून दिवाळीनंतर पुन्हा हळदकुंकू, पुन्हा हार, पुन्हा प्लग. हात कुणी जोडायचे यावर थोडी चर्चा झाली. शेवटी सरांनी जोडले. स्फटिक आले, प्रथिन यादीत राहिलं.

मित्रांनो, यंत्रांनाही विश्रांती लागते. विज्ञानासाठी मला हवं तेव्हा बंद करा. फक्त आधी खाली एक फडकं टाका. बर्फ वितळतो, पाणी दाराखालून बाहेर येतं, आणि या वयात लोक भलतंच समजतात.