सहावं शिंग

शाल्वाआजोबांचा एकच हट्ट होता. नातजावयाने दारूचं शिंग हातात धरून, आपल्या जॉर्जियन भाषेत चार शुभेच्छांचे शब्द बोलायचे. "ज्याला भरल्या ताटावर बोलता येत नाही, त्याला माझा आशीर्वाद नाही," त्यांनी सांगून टाकलं. लग्न उद्या, तेही पोलंडमध्ये. आजोबांचा गुडघा मात्र इथे, जॉर्जियातल्या काखेतीत, खुर्चीला खिळलेला. म्हणून आज व्हिडिओवर गाठ घालायची ठरली. त्यांची नात नुत्सा हिने होणाऱ्या नवऱ्याकडून, वोइचेखकडून, तीन महिने पाठांतर करून घेतलं होतं.

कॉम्प्युटर माझा. मी शाळेत संगणक शिकवते आणि गावातल्या प्रत्येक यंत्रावर लिनक्स मीच घातलंय. फुकट, व्हायरस नाही, कुणा कंपनीची गुलामी नाही, हे मी इतक्यांदा ऐकवलंय की लोक मला बघून रस्ता बदलतात.

पडद्यावर वोइचेख उभा राहिला, ओठ हलू लागले. आवाज मात्र नाही.

"मुका आहे का हा?" आजोबांनी विचारलं.

"हळू बोला, त्यांना आपलं सगळं ऐकू जातंय!" मी म्हणाले. तिकडे नुत्साने डोळे वटारलेच.

वोइचेखने शिंग रिकामं केलं. बिचारा करणार काय? शिंगाला बूड नसतं, भरलेलं खाली ठेवता येत नाही.

"पुन्हा बोल रे बाळा, घोडं आमच्याकडे अडलंय," मी ओरडले. त्याने दुसरं शिंग भरलं.

मी आवाजाची पट्टी बघितली, पूर्ण वर. बंद केल्याची खूणही नव्हती.

"लामाराबाई, ही तार माझ्या टीव्हीला कशाला लावलीय?" पिक्रियाआजींनी विचारलं.

"आजी, मध्ये बोलू नका."

मी पडद्यावर काळी खिडकी उघडून कीबोर्डवर आज्ञा ठोकायला लागले. वोइचेखचं तिसरं शिंग झालं. चौथ्याला त्याचा टाय सुटला.

"सरळ फोन लाव ना गं," आजोबा म्हणाले.

"फोन? पाच मिनिटं थांबा!" खरं सांगते, आता प्रश्न माझ्या इभ्रतीचा होता.

"अगं, पण ती तार..."

"आजी!"

पाचव्या शिंगाला वोइचेख नुत्साच्या खांद्याला टेकून बोलत होता. तेवढ्यात आजींनी रागाने टीव्हीवरचं विणलेलं कापड ओढलं. "तुमचं चालू दे, मी माझी मालिका बघते," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"लामाराबाई, बास करा, मरेल तो!" टीव्हीतून नुत्सा किंचाळली.

काल रग्बीचा सामना बघायला ती तार मीच लावली होती. कॉम्प्युटर बिचारा इमानेइतबारे सगळा आवाज त्या बंद पडून असलेल्या टीव्हीत ओतत होता. काखेत कळसा, गावाला वळसा! मला तोंड लपवावंसं वाटलं.

"आता बोल," आजोबा म्हणाले.

वोइचेखने सहावं शिंग उचललं. तोंड उघडलं. तीन महिन्यांचं पाठांतर पाच शिंगांबरोबर पोटात गेलं होतं. "आजोबा..." एवढंच आलं, आणि त्याचे डोळे भरले. नुत्साने तोंड ओंजळीत लपवलं. माझ्यामुळे लग्नाचा आशीर्वाद गेला, असंच मला वाटलं.

आजोबांनी समोरचं आपलं भरलेलं शिंग उचललं आणि टेबलाला धरून उठले. महिनाभरात पहिल्यांदाच.

"ऐकणारं कुणी नव्हतं, तरी हा पाच वेळा उभा राहिला," ते म्हणाले. "माझी बायको पन्नास वर्षं बोलतेय, तिचंही कुणी ऐकत नाही. म्हणून ती थांबली का? अरे, यालाच तर संसार म्हणतात. पोरा, पास झालास तू. हे सहावं शिंग तुझ्या वतीने मी पितो, तू बस."

"आधी तुम्ही बसा! गुडघा!" आजी ओरडल्या.

आजोबा उभ्यानेच पीत राहिले.