कॅझचा कोट

त्या दिवशी कॅझनं सौदा ठरायच्या आधीच कोट काढला.

बावीस वर्षं मी अटलांटिक सिटीतल्या एका कसिनोत गिऱ्हाइकं सांभाळतोय. कुणाला फुकट खोली, कुणाला जेवण, ते माझ्या हातात. बाकीचे येतात, बसतात, देऊ ते घेतात. कॅझ ब्रोदा तसला नव्हता. पंप दुरुस्त करणारा माणूस, पण दर मंगळवारी सकाळी दारातच उभा राहून घासाघीस करायचा. कोट अंगात, टोपी डोक्यावर. खोली समुद्राकडची हवी, बायकोला, रेजिनाला, बीटचं सूप हवं, हरलो तर दहावा हिस्सा परत हवा. मी कुरकुरलो की तिला म्हणायचा, चल गं, शेजारच्या कसिनोत जाऊ. आणि खरंच वळायचा. मग मीच मागं धावायचो. एकदा मला म्हणाला, "बसेपर्यंत मी गिऱ्हाईक, विन्स. बसलो की बकरा."

रेजिना वारली. तीन महिन्यांनी तो एकटा आला. दारात थांबलाच नाही. सरळ टेबलाशी गेला, कोट काढून तिच्या खुर्चीच्या पाठीला अडकवला, कोटाचे खांदे नीट केले आणि मग मला म्हणाला, "तिची जागा ठेव. तिचे पत्ते मी खेळीन. दुप्पट नको लावायला लावूस."

नियम असा, की एकट्यानं दोन जागा धरल्या तर दोन्हींवर किमान रकमेच्या दुप्पट लावायचं. तो नियम सोडायची मुभा मला होती. दारातून मागितलं असतं तर देऊन टाकलं असतं. पण कोट उतरला होता, आणि बसलेल्याला नाही म्हणायची जिभेला सवय.

"दुप्पट लागेल, कॅझसाहेब."

तो भांडेल, शेजारच्यांचं नाव काढेल म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यानं नुसती मान डोलावली.

जेवणाच्या वेळेआधीच त्याचे सगळे पैसे संपले. पत्ते वाटणारी पोरगी नंतर मला सांगत होती, तो दर वेळी त्या खुर्चीला विचारायचा, अजून एक पत्ता घेऊ का गं.

उठून गेला तो तसाच, नुसत्या शर्टावर. हाक मारली, वळला नाही. परत कधी आलाही नाही. कोट माझ्या कपाटात आहे. खिशात तिचे हातमोजे.

आता एखादा नवखा दारातच कोटाच्या बटणांना हात घालायला लागला, की मी पुढं होतो.

"राहू द्या अंगात," म्हणतो. "आत गार असतं."